चार इंच कुठे गेले?

मी चौकट बोलतेय. दाराची नाही, खिडकीची नाही, फोटोची तर मुळीच नाही. मी रस्त्याची चौकट आहे. कमरेएवढी उंच, चार फूट रुंद, आणि खाली टीव्हीच्या मोडक्या स्टँडची चार चाकं. त्यातलं एक सारखं कुरकुरतं. बाकीची तीन गप्प, म्हणून सगळं बोलणं त्या बिचाऱ्यालाच करावं लागतं.

स्वभाव विचाराल तर हट्टी. मला अंग चोरता येत नाही, तिरकं होऊन निसटता येत नाही, आणि "जरा चालवून घ्या हो" हे तर माझ्या डोक्यातच शिरत नाही. जागा असली तर जाते, नसली तर अडते. एवढ्या एका गुणावर मी अख्ख्या गावाशी भांडण काढलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

माझा जन्म झाला काकडीमुळे. आमच्या सुतारकाकांना काकडी निवडता येत नाही. लाकूड बोटाने वाजवून आतून कसं आहे ते सांगतील, पण काकडी आणली की कडू. काकूंचे पाय दोन वर्षांपूर्वी आजारात गेले. तेव्हापासून त्या चाकांच्या खुर्चीत, आणि बाजारहाट काकांकडे. मी त्या वेळी कामाच्या खोलीत भिंतीला टेकलेली नुसती फळी होते. त्यामुळे घरातलं सगळं ऐकू यायचं. एक दिवस काकू म्हणाल्या, "बस झालं. आज मी स्वतः जाणार. भाजीवाल्याशी भांडून दोन वर्षं झाली, जीभ गंजली माझी."

बाजार चारशे पावलांवर. पण रस्त्याला चालायला कड अशी नाहीच. घरांच्या आणि दुकानांच्या पायऱ्या थेट डांबरावर उतरलेल्या, आणि मधून ट्रॅक्टर, टेम्पो, सायकली, कोंबड्या. काका मागून खुर्ची ढकलत निघाले. किराणा दुकानाच्या पायरीला वळसा घालायला खुर्ची रस्त्यात घेतली, आणि विटांनी भरलेली ट्रॉली पाय ठेवायच्या पट्टीला घासून गेली. खुर्ची गर्रकन फिरली. काकू पडल्या नाहीत, पण दोघंही तिथूनच परत आले. काकू घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी फार घाबरले. पुन्हा मला रस्त्यावर नेऊ नका."

तीस वर्षांच्या संसारात काकूंच्या तोंडून "घाबरले" हा शब्द काकांनी पहिल्यांदा ऐकला. ते त्या दिवशी रंध्याला हात न लावता नुसते बसून राहिले.

नेमका त्याच महिन्यात गावाला फुटपाथ मंजूर झाला. सभा शेजारच्या शाळेत, म्हणजे आमच्या भिंतीपलीकडेच होती. रस्त्यावर उतरायचं नव्हतं म्हणून काकूही गेल्या. शहरातून आलेल्या इंजिनिअर मुलीने नकाशा पसरला. दोन फूट रुंद फुटपाथ, दोन्ही टोकांना दोन-दोन पायऱ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. गावच्या फुटपाथ समितीच्या अध्यक्षबाई तर टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या.

काकूंनी विचारलं, "बाळ, पेन्सिल आहे ना? याच मापात माझी खुर्ची काढ बरं."

तिने काढली. एक चाक फुटपाथवर आलं, दुसरं रस्त्यात लोंबकळलं.

"आणि या पायऱ्या मी कशा चढायच्या?" काकू म्हणाल्या. "उडी मारून?"

मुलीचे कान लाल झाले. पण गुणी पोर. म्हणाली, "माझं चुकलं, काकू. पायऱ्यांच्या जागी उतार करते. आणि रुंदी किती हवी, ते तुम्हीच मोजून द्या."

दुसऱ्या दिवशी अंगणात मोजमाप झालं. काकूंनी दोन्ही हातांनी चाकं फिरवून दाखवली. या कोपरापासून त्या कोपरापर्यंत तीस इंच. काका म्हणाले, "झालं तर मग, तीस."

"झालं कसं? तुम्ही कुठे चालणार?"

"मी मागून."

"मागून नको. बाजूने. उभे राहा इथे."

काका बाजूला उभे राहिले, आणि पट्टी लागताच त्यांनी छाती-पोट सगळं आत ओढून घेतलं. काकू ओरडल्या, "श्वास सोडा! रस्त्यावर कुणी श्वास रोखून चालत नाही." श्वास सुटला, काका अठरा इंच भरले. तीस आणि अठरा मिळून चार फूट. त्या मापाने काकांनी फळीची मला चौकट केली. दोन उभे पाय, दोन आडव्या पट्ट्या, कोपऱ्यांत खुंट्या. एक खिळा नाही अंगात.

समितीने ठराव केला. रस्ता दोन ट्रॅक्टरांपुरता ठेवून मुलीने चुन्याची रेघ मारली. माझी एक बाजू रेघेवर ठेवायची आणि मला गावभर ढकलायचं. रेघ हलणार नाही, चौकटीचं माप बदलणार नाही, जे आडवं येईल ते मागे सरकेल. सगळ्यांनी सह्या केल्या. प्रत्येकाला वाटलं, अडेल ते शेजाऱ्याचं.

मग निघाली आमची वरात! पुढे मी कुरकुरत, मागे काका, त्यांच्या मागे वही घेतलेली इंजिनिअर, आणि मागून रिकामटेकडं निम्मं गाव. कुणाच्या दाराशी कुंड्या, कुणाची उभी मोटारसायकल. मी अडले की काका माझ्यावर हात ठेवून शांतपणे म्हणायचे, "काय करणार, हिला कळत नाही हो." काकांचा हा साळसूदपणा मला फार आवडायचा.

अध्यक्षबाईंच्या फाटकापुढे मोटार चढवायचा सिमेंटचा उतार होता. तिथे मी अशी तिरकी झाले, की कडेचा म्हातारा दचकून बाजूला झाला. बाई म्हणाल्या, "त्यात काय, माणसं चढून जातात की." काका म्हणाले, "माणसं जातात, खुर्ची कलंडते. बसून बघता का?" बाईंनी बसून बघितलं नाही, पण उतार फाटकाच्या आत घ्यायला कबूल झाल्या.

किराणावाल्याच्या पायरीशी मी तीन इंचांनी अडले. हीच ती पायरी, जिच्यापायी ट्रॉली घासली होती. किराणावाला गयावया करू लागला, "तीन इंचांनी कुणाचं काय बिघडतंय, काका? आजोबांच्या वेळची पायरी आहे." त्यावर काकांनी जे भाषण ठोकलं, ते मला अजून पाठ आहे. इंचाइंचानेच रस्ता खाल्ला जातो, पायरी मोठी की माणूस, वगैरे. लोकांनी टाळ्या दिल्या. किराणावाल्याने मान खाली घालून दोन दिवसांत पायरी फोडायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी एकच टोक मोजायचं राहिलं होतं, आमचं स्वतःचं. ते झालं की चार वाजता अख्ख्या गावातून शेवटची फेरी, आणि मग पक्क्या खुणा. दुपारी गाव जेवायला बसलेलं असताना काका मला एकटेच घेऊन निघाले. कामाच्या खोलीपुढे आलो आणि मी खाडकन थांबले.

काकांनी मला पुन्हा ढकललं. मी पुन्हा अडले. त्यांनी खाली वाकून बघितलं. त्यांच्याच खोलीपुढचा दगडी ओटा रेघेच्या बाजूला चार इंच पुढे आलेला! त्यांच्या वडिलांनी बांधलेला. त्यावर बसून काका शिकले, त्यावरच चहा, त्यावरच गप्पा. गावातल्या सगळ्या पायऱ्या दिसल्या, पण हा ओटा त्यांना कधी आडवा दिसलाच नव्हता.

काकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग मला उचलून आत नेलं आणि दार लावलं.

"चार इंचांनी कुणाचं काय बिघडतंय?" असं मलाच म्हणत त्यांनी खुंट्या काढल्या. माझ्या दोन्ही आडव्या पट्ट्या आरीने चार-चार इंच कापल्या. ताज्या कापावर तेल चोळलं, खुंट्या ठोकल्या, वर रुमालाने पुसून घेतलं. अहो, मला जन्म देणाऱ्याने मला कापलं! राग तर आलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली. काल मी ज्याला त्याला अडवत ताठ मानेने हिंडले होते, आता मलाच कमी केलं होतं.

चारला गाव जमलं. ओट्यापुढून मी सुळकन निघाले. काका आभाळाकडे बघत होते. पुढे किराणा दुकान. किराणावाला घण घेऊन तयारच होता बिचारा. मी त्याच्या पायरीला न शिवता पार झाले.

"अरेच्चा!" त्याने घण खाली ठेवला. "माझी पायरी धाकाने आत गेली वाटतं!"

लोक हसले. इंजिनिअर वहीची पानं उलटसुलट करू लागली. आपल्या दारात बसलेल्या काकू मात्र पायरीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हाक मारली, "अहो, इकडे या जरा. माझ्या बाजूने चालून दाखवा."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"लग्नही सगळ्यांसमोरच केलंत."

दोघं निघाले. आतल्या बाजूला काकू स्वतः चाकं फिरवत, रेघेच्या बाजूला काका. ओट्यापाशी काकूंचं कोपर दगडाला खरचटलं, आणि काकांचा पाय रेघेबाहेर रस्त्यात पडला. मागून टेम्पोने भोंगा वाजवला. काका टुणकन उडाले.

"पाय आत घ्या."

"येत नाही गं आत."

"अंगणात मोजलं तेव्हा आपण मावलो होतो. मग आता का मावत नाही?"

इंजिनिअरने माझ्या अंगावर टेप धरली आणि हळूच म्हणाली, "तीन फूट आठ इंच."

काकूंनी विचारलं, "चार इंच कुठे गेले?"

माझं चाकसुद्धा कुरकुरलं नाही. काका म्हणाले, "मी कापले. बाबांचा ओटा फोडवेना मला."

किराणावाल्याने तोंड उघडलं होतं. काकूंनी हात वर केला, ते मिटलं. मग त्या काकांना म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. दवाखान्यापुरतं घराबाहेर पडते, तेव्हाही मी तुमचं तोंड पाहिलेलं नाही. मागून नुसता आवाज येतो, आणि मी समोरच्या गाड्यांकडे बघत 'हं, हं' करते. मला कुणी ढकलायला नकोय हो. बरोबर चालायला तुम्ही हवे होतात. तुम्ही कापलेत ते चौकटीचे चार इंच नाहीत. तुम्ही चालणार होतात ती जागा आहे."

किराणावाल्याच्या पायाशी पडलेला घण काकांनी उचलला आणि ओट्याकडे गेले. पहिला घाव घातला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. आमचा ओटा दगडी, सहजासहजी ऐकेना. शेवटी किराणावालाच पुढे झाला. "द्या इकडे, तुम्हाला रंधा धरायची सवय," म्हणाला. "नाहीतरी हा फुटला की माझ्याच पायरीची पाळी आहे." संध्याकाळपर्यंत दोन्हीही फुटले होते.

माझ्या पट्ट्यांना काकांनी चार-चार इंचांचे नवे तुकडे जोडले. रंग जुळला नाही, फिकट लाकडाचे आहेत. लपवायला तेल चोळायचं नाही असं काकूंनी बजावलं होतं.

आता फुटपाथ होऊन पावसाळा उलटून गेलाय. टोकांना उतार आहेत, मधला विजेचा खांबसुद्धा मागे सरकवला. मी समितीच्या कार्यालयात भिंतीला टेकून असते. पावसाळाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घातल्या, त्याचा संताप अजून गेलेला नाही. पण खिडकीतून बाजाराच्या दिवशी दोघं दिसतात. पहिल्या दिवशी काकू अर्ध्या वाटेत थांबून म्हणाल्या, "एरवी मागून अखंड बडबड करता, आता का गप्प?" काका म्हणाले, "तू चिडलीस की नाक फुगवतेस, हे विसरलो होतो." काकूंनी लगेच नाक फुगवलं.

आज मला शेजारच्या गावची माणसं न्यायला आलीत. त्यांच्याकडेही फुटपाथ होतोय. म्हणून निघण्याआधी तुमचा निरोप घेतेय. तुमच्या गावात कधी आले तर एवढंच करा, माझ्यापुढे मोटारसायकल लावू नका, आणि छत्री दुसरीकडे ठेवा.

टेम्पोत चढवताना त्यांच्यातला एक पुढारी माझी रुंदी वितीने मोजून काकांना म्हणाला, "आमचा रस्ता जरा अरुंद आहे हो. थोडी कापून घेतली तर चालेल ना?"

काकांनी बाजूच्या खुर्चीकडे बघितलं. काकूंनी नाक फुगवलं होतं.

"आधी तुमच्या घरातलं कुणीतरी खुर्चीत बसवा," काका म्हणाले, "आणि बाजूने चाला. सगळ्या गावासमोर. मग या, आरी मी देतो."