जाळं पाण्यात

सावली गावच्या ढिवर मोहल्ल्यातला प्रफुल मोबाइलवर तास तास बोलायचा. म्हणजे कोणाशी नाही. मोबाइल या विषयावर, एकटाच, जुन्या कॉम्प्युटरच्या माइकसमोर. कोणता फोन घ्यावा, बॅटरी कशी टिकवावी, हे रेकॉर्ड करून तो सायबर कॅफेतून इंटरनेटवर टाकायचा. साल होतं २००८. मोहल्ल्यानं ठरवून टाकलं होतं, पोरगं कामातून गेलं.

बापाचं, म्हणजे बापूजीचंही मत वेगळं नव्हतं. "कोण आयकते रे तुले?" हा त्याचा रोजचा प्रश्न. प्रफुल भडकायचा, "आयकतेत लोकं! तुमाले काय समजते बाबा?" मग जेवणापर्यंत दोघांचा अबोला.

तसाही बापूजी कमीच बोलायचा. तलावात जाळं टाकलं की ढिवर तोंड उघडत नाहीत, मासा बुजतो. लहानपणी डोंग्यात, म्हणजे बापाच्या लहानशा होडीत, नुसतं खोकला म्हणून प्रफुलनं बापाची थापड खाल्ली होती.

त्या दुपारी प्रफुल रेकॉर्डिंगला बसला आणि शेजारची गिरजाबाई अंगणातूनच ओरडत आली, "बापूजी भाऊ, हाये का घरी?" झालं! रेकॉर्डिंगची वाट लागली. प्रफुल संतापून उठणार, तेवढ्यात दाराबाहेर बापाचा दबका आवाज आला.

"हळू बोल बाई. पोराचं जाळं पाण्यात हाये."

गिरजाबाई गुपचूप पायरीवर टेकली. प्रफुलनं घसा खाकरला आणि पुढे बोलायला लागला. संध्याकाळी त्यानं रेकॉर्डिंगमधलं गिरजाबाईची हाक आणि आपलं सगळं अडखळणं कापून टाकलं. बापाचं वाक्य तेवढं राहू दिलं.