सात नंबरचा डबा

बंडूशेट मनाने वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणीही त्यांना शिव्या घालील. कामोठे गावठाणात त्यांनी स्वतःच्या बिल्डिंगचा पहिला मजला अभ्यासिकेला दिला, भाडं नाही की काही नाही. वर कॉम्प्युटरही पाहिजेत म्हणाले. मग खारघरच्या कॉम्प्युटरवाल्या निखिलला बोलावणं गेलं.

निखिलने तिथे वीस थिन क्लायंट बसवले. थिन क्लायंट म्हणजे सेट-टॉप बॉक्सएवढा एक डबा. त्याला स्क्रीन नि कीबोर्ड जोडायचा की पोरं लागली कामाला. पण डब्याच्या पोटात काही म्हणजे काही नसतं. सगळं काम, सगळ्या फायली कोपऱ्यातल्या सर्व्हरमध्ये. डबा फक्त तिथलं चित्र तुमच्यासमोर आणून दाखवतो. डबा बिघडला तर काढून फेका, दुसरा लावा, केसभर नुकसान नाही, असं निखिल उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या ऐटीत बोलला होता. ते कुणाच्या डोक्यात शिरलं असेल तर शपथ. जो तो आपल्या खुर्चीसमोरच्या डब्याला आपला कॉम्प्युटर म्हणायचा, त्याला पुसायचा, त्याच्यावर देवाचा स्टिकर लावायचा. निखिलनेही मग समजावायचा नाद सोडला. कशाला उगीच डोकेफोड, चाललंय ना, बास.

सात नंबरवर बसायची प्रिया. तिची आई गोजराबाई, गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी ती धवलारीण, आणि तिने तोंड उघडल्याशिवाय एक विधी पुढे सरकत नाही. गोजराबाईंचा आवाज असा की पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्या हातातलं काम टाकून ऐकत बसायच्या. प्रियाने दुपारच्या मोकळ्या वेळात आईला अभ्यासिकेत आणून, शेजारी बसवून, एकेक धवला फोनवर रेकॉर्ड केला. फोनमध्ये जागा कुठली राहतेय? म्हणून सगळं सात नंबरवर टाकलं आणि फोन रिकामा केला.

भाद्रपदात गोजराबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. प्रियाचं लग्न ठरलेलं होतं, मार्गशीर्षातलं. दुसरी धवलारीण मिळाली असती, पण प्रियाच्या वडिलांनी, नामदेवकाकांनी, अंथरुणाला खिळलेल्या बायकोचा हात धरून शब्द दिला की पोरीच्या मांडवात तुझाच आवाज लागंल, मोठ्या स्पीकरवर लागंल. त्या शब्दावर ती बाई दोन घास खायला लागली.

आणि मग आली खंडेनवमी.

बंडूशेटनी सकाळी जेसीबीची पूजा केली, दोन्ही गाड्यांची केली आणि अभ्यासिकेत आले. निखिल त्या दिवशी घरी होता. त्याला फोन गेला तेव्हा तो म्हणाला, "करा ना शेट, फक्त सर्व्हर बंद करून करा आणि नुसती फुलं वाहा." शेटना ते पटलं नाही. बंद यंत्राला कसली पूजा, त्याचे दिवे कसे लुकलुकायला पाहिजेत. बॅकअपची डिस्क ड्रॉवरमध्ये सुटी ठेवलेली होती, तीही त्यांनी काढली. एकही यंत्र पूजेवाचून राहायला नको. तिचा दिवा लागेना म्हणून स्वतःच्या हाताने वायर सर्व्हरला जोडली आणि डिस्क सर्व्हरच्या डोक्यावर ठेवली. हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला. मग शेटनी सर्व्हरच्या लोखंडी कडेवरच नारळ फोडला, एका दणक्यात. पाणी वरच्या जाळीतून थेट आत गेलं. एक निळी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि सगळ्या स्क्रीन एकदम काळ्या झाल्या. शेट म्हणाले, "देवाने घेतला नैवेद्य."

निखिल पुढचे कितीतरी दिवस सर्व्हरमधली आणि बॅकअपची अशा दोन्ही डिस्क घेऊन वणवण फिरला. वाशीच्या माणसाने हात वर केले, मुंबईच्या माणसाने आठवडाभर ठेवून घेतल्या आणि मग फोन केला की आतल्या चिपाच जळल्या आहेत, राखेतून काय काढू? निखिलला रडूच यायचं बाकी होतं. शेटनी बिनतक्रार नवा सर्व्हर आणला. निखिलने तो लावला आणि सगळे डबे तासाभरात पूर्वीसारखे चालू झाले. फक्त एक डबा कमी भरला. सात नंबर.

"तो मी नामदेवला दिला," शेट म्हणाले. "बिचारा रडत आलेला. त्याच्या बायकोचा आवाज हाय त्यात. म्हटलं, घेऊन जा, तुझाच हाय तो. निखिल येऊन चालू करून देईल."

निखिल कपाळाला हात लावून खाली बसला. या माणसावर ओरडायचं तरी कसं? त्याने आपल्या परीने दानच केलं होतं.

नामदेवकाकांचं घर दोन गल्ल्या सोडून. डबा गोजराबाईंच्या उशाशी स्टुलावर, धुतलेल्या रुमालावर ठेवलेला. त्यावर कुंकवाचं बोट. काकांनी शेजाऱ्यांकडून स्क्रीन मागून आणली होती, स्पीकर आणला होता, सगळी तयारी. प्रिया दाराशी उभी होती आणि तिने निखिलकडे पाहिलं तेव्हा त्याला कळलं की हिला ठाऊक आहे. वडिलांना सांगायची हिंमत मात्र तिलाही झालेली नाही.

"ये रे बाबा," काका म्हणाले. "तिला सांगितलाय मी, आज तुजा आवाज ऐकवतो."

गोजराबाईंचा डावा हात डब्यावर होता.

निखिलने डबा जोडला, का जोडला देव जाणे. बहुधा बोलणं पुढे ढकलायला. स्क्रीनवर एक ओळ आली: सर्व्हर सापडत नाही. काका चष्मा लावून त्या ओळीकडे पाहत राहिले. मग निखिलने एका दमात सांगून टाकलं. डबा रिकामा असतो, आधीपासूनच रिकामा होता, गाणी तिकडे होती, तिकडचं जळलं, मी सगळीकडे फिरलो, नाही निघालं. काका, मला माफ करा.

काका ऐकत होते, पण ऐकल्यासारखे नव्हे. "रिकामा कसा? पोर रोज याच्याच म्होरं बसायची. याच्यावरच ऐकलाय मी, या कानांनी."

"दिसायचं इथं, काका. असायचं तिकडं."

"असा कुटं असतं काय? तुना येत नसंल तर तसं सांग. मी दुसरा मानूस आनतो."

निखिलला खरंच वाटलं की आणावा दुसरा माणूस. कुणीतरी हुशार असावा या जगात, ज्याला हे येतं. तो मान खाली घालून वायर गुंडाळत बसला.

तेवढ्यात गोजराबाईंनी प्रियाचा ड्रेस ओढला. डाव्या हाताने फोनकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. प्रियाला क्षणभर समजेना. समजलं तशी ती नको नको म्हणाली, पण बाई ऐकेनात. शेवटी तिने फोन त्यांच्या ओठांजवळ धरला.

गोजराबाई गायल्या. शब्द एकही नव्हता. वाकड्या झालेल्या तोंडातून नुसती चाल येत होती, तीही फाटकी, मध्येच घरघर, मध्येच थुंकी. तरी धवला तोच होता, देवांना मांडवात बोलावण्याचा. निखिल मूळचा साताऱ्याकडचा, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्याच्याही अंगावर काटा आला. एक कडवं कसंबसं पुरं झालं. बाईंच्या कपाळावर घाम आला होता, आणि तोंडाची जी अर्धी बाजू हलत होती ती हसत होती. प्रियाने रेकॉर्डिंग थांबवलं आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबा, हेच लावू मांडवात. आईचंच आहे ना."

तिने ते स्पीकरवर लावलं. काकांनी सबंध ऐकलं, अगदी शेवटच्या घरघरीपर्यंत. मग त्यांनी स्टुलावरचा डबा उचलला, दोन्ही हातांनी निखिलच्या मांडीवर ठेवला आणि त्याचे हात वरून दाबून धरले.

"यो नाय रं," ते काकुळतीने म्हणाले. "यो तिचा आवाज नाय. तिचा आवाज यात हाय. तू फकस्त तो काढून दे."

प्रिया त्यांना गप्प करायला धावली, पण बोलून झालं होतं. गोजराबाईंचं तोंड तसंच अर्धं हसरं राहिलं होतं. त्यांची वाचा गेली होती, कान चांगले होते.