विंडोज ९५ साठी जागा

पिंप्राळ्यात आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ आहे. शहाण्णव साली मंडळाच्या कॉम्प्युटरवर विंडोज ९५ टाकायचं ठरलं. ऑपरेटर मी. मानधन नाही, चहा आहे.

"आधी हार्ड डिस्कवर जागा करावी लागेल," मी कार्यकारिणीला सांगितलं. "पन्नास एमबी तरी."

"म्हणजे किती पोरी?" अध्यक्ष रुपचंदनानांनी विचारलं.

हे माप क्लासमध्ये शिकवलं नव्हतं. पण डिस्कवर स्थळांची माहिती आणि फोटो यांशिवाय काहीच नव्हतं, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता.

नानांचा भाचा अभिमन, वय एकेचाळीस, एकटाच तीन फोटोंत पसरला होता. कोटात, राजदूतवर, आणि गॉगल लावून केळीच्या बागेत.

"नाना, गॉगलवाला काढू?"

"तो पोऱ्याना फोटू शे. त्याले हात नको लावू."

मग ठराव झाला: तिशी ओलांडलेल्या मुली काढाव्यात. "जागाच अडवून बसल्यात बिचाऱ्या," नाना म्हणाले. आवाजात खरी कळकळ होती.

माझी बहीण मंदाअक्का तेव्हा एकतीस वर्षांची होती. शिंदखेड्याला शाळेत शिकवायची. घरी आली की चपला काढता काढता, पाऊसपाणी विचारावं तशी विचारायची, "काय रे, कुणी चौकशी केली का?" आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही.

मी म्हटलं, "नाना, फ्लॉपीवर कॉपी तरी घेतो."

"घे ना. आधी पोऱ्यांची घे."

पोरं संपली तेव्हा फ्लॉप्याही संपल्या. शेवटचीत अभिमन केळीसकट बसला.

"नाना, मंदाअक्का आहे त्यात."

"मग तर आधी काढ. घरचं माणूस ठेवलं तर लोक बोट दाखवतील."

नारळ फुटला. तिशीपुढच्या मुली एकत्र करून मी पुसायची कमांड टाइप केली. कॉम्प्युटरनं इंग्रजीत विचारलं, सगळं जाईल, नक्की ना? असं विचारणारा त्या खोलीत तो एकटाच. नानांनी कुंकवाच्या बोटानं 'वाय' दाबलं. संध्याकाळी स्क्रीनवर निळं आभाळ आणि ढग आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी धुळ्याहून भिकुबाई आल्या. बरोबर मुलगा, चौतिशीचा, पाटबंधारे खात्यात. "शिकेल-सवरेल, नोकरीवाली पाह्यजे," त्या म्हणाल्या. "तिशीची चालेल. पोरसवदा नको."

मी शोधलं. काही सापडलं नाही. 'नाही' हे विंडोज मात्र फार लवकर सांगत होतं.

"माझी बहीण आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. शाळा, पगार, पत्रिका. मुलानं खुर्ची पुढे ओढली.

"मंग ती कॉम्प्युटरमां का बरं नाही?" भिकुबाईंनी विचारलं.

"होती. काढली."

"का?"

"जागा हवी होती."

खरं तेवढंच होतं. भिकुबाईंनी ते चव घेतल्यासारखं तोंडात घोळवलं आणि नानांकडे पाहिलं. नाना ताठ बसले.

"आमची समिती विचार करूनच काढते," ते म्हणाले. "उगीच कोणाला काढत नाही."

"आई, एकदा बघून तर येऊ," मुलगा म्हणाला.

"चूप बस. मंडळनी काढी टाकी म्हंजे काहीतरी खोट व्हईच."

त्या उठल्या. मुलगा दारापर्यंत दोनदा मागे वळला, पण आईच्या मागोमाग जिना उतरला.

नाना मॉनिटरवरून हात फिरवत म्हणाले, "पाहिलं का? लोकांचा किती विश्वास बसलाय आपल्यावर."