साहेबांनी हळूच उघडलेले दार

मित्रांनो, मी एक जुना रबरी गट्टू आहे. रुग्णालयात, ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या झुलत्या दारामागे, मला भिंतीला एका स्क्रूने बसवले होते. आकाराने मी लिंबाएवढा. काम एकच, दार आले की मार खायचा.

कारखान्यातून आलो तेव्हा मी मऊ होतो. दार आपटले की दबायचो आणि त्याचा सगळा जोर पोटात घालायचो. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणाले, "अरे वा, आता आवाज येत नाही." माझी एवढीच स्तुती झाली. ती मी अकरा वर्षे पुरवून वापरली.

पुढे ऊन आणि फरशी पुसायचे औषध लागून मी टणक झालो. टणक रबर दाराचा जोर पोटात घालत नाही, दारालाच परत फेकते. परवा असेच परतलेले दार वॉर्डातल्या मावशींच्या कोपरावर बसले. मागच्या ट्रॉलीवर खुब्याचे ऑपरेशन झालेले आजोबा होते. त्यांच्या पायापासून दार जेमतेम वीतभर लांब राहिले.

म्हणून इंजिनिअर साहेब आले. त्यांनी दाराचे वजन लिहून घेतले. मोबाइलवर चित्रीकरण सुरू केले आणि दोन बोटांनी दार असे उघडले, जणू आत सासरे झोपले आहेत. त्यावरून वेग काढला. नवे रबर एक सेंटिमीटर दबते, असे पुस्तकात होते. तेही धरले.

"साधारण सत्तर किलोचा दाब," ते म्हणाले. "म्हणजे एक माणूस उभा राहिल्यासारखं. चालेल अजून पाच वर्षं."

खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. मग आजोबांचा पाय आठवला आणि तो आनंद टिकला नाही.

तेवढ्यात मावशी रिकामी ट्रॉली घेऊन आल्या. "साहेब, हे दार असं कोण उघडतं हो? पाहुणे आहात का?"

"मग कसं उघडता?"

"दोन्ही हात ट्रॉलीला. उरली काय, पाठ!"

उलट्या चालत त्यांनी पाठीने दार ढकलले. धाड! परतलेल्या दाराने साहेबांची वही उडवली. मोबाइल मात्र चालूच होता.

साहेबांनी वही उचलली, चित्रीकरण पाहिले आणि पुन्हा गणित मांडले. वेग दुप्पट, म्हणजे ऊर्जा चौपट. मी दबलो निम्माच, म्हणून बळ आणखी दुप्पट.

"आठ माणसं," ते हळू आवाजात म्हणाले.

"या एवढ्याशा जिवावर?"

"हो. एकाच वेळी."

मावशी माझ्याकडे वळल्या. "बिचारं! पण बदला त्याला. संध्याकाळी आजोबांना इथूनच न्यायचंय."

दुपारी माझा स्क्रू निघाला. संध्याकाळी मी खिडकीच्या कट्ट्यावरून पाहिले. दार नव्या गट्टूवर टेकले, क्षणभर थांबले आणि सावकाश परतले. आजोबांची झोपसुद्धा मोडली नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या दारामागेही माझा कोणी भाऊबंद असेल. त्याला अंगठ्याने दाबून पाहा. दबला नाही, तर मोठ्यांना सांगा. त्याला वाईट वाटेल. तरीही सांगा.