भिमाजी पडद्यावर मेला तेव्हा

चाकणच्या कंपन्यांच्या कुंपणाला टेकलेल्या त्या वाडीत गेल्या वर्षी लढाईचा सिनेमा काढायला मंडळी आली. त्यांना मरायला एक म्हातारा हवा होता. भिमाजी सगळ्यांआधी पुढं सरसावला आणि टायर जाळून केलेल्या धुरात असा काही कोसळला, की त्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून गडी हवेतच होता. भेटेल त्याला आपलं मरण करून दाखवायचा, चहाच्या टपरीवर तर दोनदा.

फक्त बायको, सुभद्राबाई, काही बोलेना. तिनं जन्मात कधी त्याचं कौतुक केलं नव्हतं. बैल शर्यत जिंकले तरी ‘हूं’, पोरगा कंपनीत कायम झाला तरी ‘हूं’. यंदा यात्रेच्या रात्री देवळापुढं त्या सिनेमाचा पडदा लागणार होता. आपलं मरण पाहून तरी बाई तोंड उघडेल, या आशेवर भिमाजीनं नवा फेटा आणला.

पडद्यावर आपलाच पार, आपलीच गल्ली, शेजारच्या सोपानरावांची म्हैस! शिट्ट्यांनी वाडी दणाणली. मग विमानं आली आणि गल्ली पेटली. शिट्ट्या हळूहळू बंद पडल्या. आग खोटी आहे हे ठाऊक असूनही भिमाजी मागं सरकला. ज्या दारात तो रोज चपला काढायचा, ते दार जळत होतं. तेवढ्यात त्याचं मरण आलं. त्यानं ऐटीत बायकोकडं पाहिलं, तर बाई डोळे घट्ट मिटून बसलेली!

“अगं, डोळं उघड की! मी मरतोय तिकडं!”

“म्हून तर मिटल्यात.”

आणि भोंगा झाला.

कंपनीच्या रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीचा भोंगा. वाडीतली पोरं पाळण्यापासून तो ऐकत आलेली. पण त्या घटकेला अख्खी वाडी बोंबलत आडवी झाली. सोपानराव नगाऱ्यामागं दडले. भिमाजीनं सुभद्राबाईला खाली ओढलं आणि फेट्यासकट तिच्यावर पालथा पडला.

“आरं, सुट्टीचा भोंगा हाय त्यो!” कुणीतरी ओरडलं, आणि माणसं हसून हसून लोळली. भिमाजीही हसला, पण उठला सगळ्यांच्या शेवटी.

सुभद्राबाईनं त्याच्या फेट्याची धूळ झटकली.

“ह्ये ब्येस केलंत,” ती म्हणाली.

एवढ्या वर्षांनी कौतुक झालं, तेही नेमकं ज्यात नाटक नव्हतं त्याचं.

सकाळी दोघं ओट्यावर चहा पीत होती. पहिल्या पाळीचा भोंगा झाला. दोघांनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग एकमेकांकडं. दोघांनाही हसू फुटलं, पण सुभद्राबाईनं बशी खाली ठेवली आणि भोंगा थांबेपर्यंत त्याचा हात धरून ठेवला.