खदानीतले तीन झटके

मी दोरी बोलतेय. कपडे वाळत घालायची नव्हे. अमरावतीच्या पोलीस शोधपथकातली. माझं एक टोक पाण्यात उतरणाऱ्या कुलदीपच्या कमरेला, दुसरं काठावरच्या ज्योत्स्नाताईंच्या मुठीत.

पथकात नवी आले तेव्हा वाटलं, आपलं काम नुसतं धरून ठेवायचं. नव्या घरी आलं की असंच वाटतं. मग कळलं, इथं निरोप पोचवायचे असतात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील द्या, तीन म्हणजे सापडलं. गढूळ पाण्यात डोळे निकामी. कुलदीप हातानं चाचपतो आणि बोलतो ते माझ्यातून.

काल आम्ही परतवाड्याजवळच्या खदानीवर गेलो. पाणी भरलेली जुनी दगडखाण. तिच्या काठावर आदल्या दिवशी ड्रायव्हर धर्मेंद्र मालकाची जीप धूत होता. चाकाखाली दगड लावायचा विसरला, आणि साबणाच्या फेसासकट जीप घसरत पाण्यात गेली. पाहणारं कुणी नव्हतं.

"यानंच इकली असन जीप, तिकडं धारणीच्या बाजारात," मालक वामनराव चारचौघांत म्हणाले. "जीप का मासोळी हाय, पाण्यात जाले?"

लोक हसले. धर्मेंद्रची बायको शालू हसली नाही. संध्याकाळपर्यंत जीप दिसली नाही तर नवऱ्यावर चोरीचा गुन्हा लागणार होता. आणि आम्हाला आज अकोल्याचं बोलावणं होतं.

दुपारी मी थरारले. एक, दोन, तीन!

"सापडली!" ज्योत्स्नाताई ओरडल्या. झालं! सगळं गाव मदतीला धावलं, माझ्यावर हातच हात पडले, आणि विहिरीतून बादली ओढावी तसा कुलदीप काठावर आला.

"कावून ओढलं बाप्पा?" तोंडातली नळी काढत तो करवादला. "टपावर हात होता माहा! खुणेचा तरंगता डबा बांधाचा राहिला ना! आता कुठं शोधू?"

"आमाले वाटलं, तुमी बुडून राहिले."

दोरी दिसली की माणसांना ती ओढावीशीच वाटते. त्याला इलाज नाही.

ऊन उतरलं. कुलदीप पुन्हा खाली गेला. शालू पदर खोचून माझ्या आणि गावाच्या मधे उभी राहिली. "जो दोरीले हात लावन, त्याले खाली धाडीन जीप पाहाले!"

वामनरावांनीही हात मागे बांधले.

एक झटका. बराच वेळ एकेकच. मग दोन. मी सरसर सुटत गेले, ताईंच्या हाती शेवटचा वेढा उरला. आणि मग तीन! असे खणखणीत, की ताईंचा हात खांद्यापासून हलला. कुणी जागचं हललं नाही. पाण्यावर टपकन लाल डबा उगवला आणि टाळ्या कडाडल्या.

क्रेननं जीप काढली. वामनरावांनी नंबर वाचला. "माहीच हाय. चुकलं बा माहं."

"मले नोका सांगू, यायले सांगा. साऱ्यायसमोर," शालू नवऱ्याकडे बोट करत म्हणाली.

त्यांनी सांगितलं. मग पाणी गळणारी जीप बाजारातून ओढत निघाली तेव्हा शालूनं नवऱ्याला स्टिअरिंगवर बसवलं. "मान वर करा. पाहू द्या गावाले."

आता मी आमच्या गाडीच्या टपावर वाळत पडलेय. अकोल्याचा रस्ता सुरू झालाय. विनंती एकच आहे: कुणाचं खरं पाण्याखाली असेल, तर हसायच्या आधी आम्हाला बोलवा.

येते.