जुन्या चावीला मी उघडले नाही

मित्रांनो, मी एक जुनी तिजोरी आहे. जुनी हा शब्द मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तो मला हिणवायला वापरू नये. माझे वजन सव्वातीनशे किलो आहे. माझे दार चार बोटे जाड आहे. आणि आजवर जबरदस्तीने मला कोणीही उघडू शकलेले नाही.

माझा जन्म लोखंडाच्या एका कारखान्यात झाला. कारागिरांनी जाड पत्रे तापवले, ठोकले, रिबिटांनी जोडले. तयार झाल्यावर मी भिंगारच्या बाजारपेठेतल्या एका कापडाच्या दुकानात आले. मालकांनी माझ्या कपाळावर दुकानाच्या नावाची पितळी पट्टी बसवली. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. मला दोन चाव्या होत्या. एक मालकांच्या कमरेला, दुसरी त्यांच्या घरात. तीन पिढ्या मी त्या चाव्यांचे ऐकले.

चौथ्या पिढीने दुकान मोडले. तिथे मोबाईलचे शोरूम आले आणि माझी रवानगी मागच्या बोळात झाली. दोन पावसाळे मी तिथे भिजत काढले. मग मला टेम्पोत घालून भंगारवाल्याकडे पाठवून दिले. सोबत एकच चावी दिली. दुसरी कुठे आहे, हे कोणी शोधलेसुद्धा नाही.

भंगारवाले बाबाजान भले माणूस होते, पण धंदा तो धंदा. माझे तुकडे करण्यासाठी त्यांनी गॅसकटर बाहेर काढून ठेवला होता. मला वाईट वाटले नाही, राग आला. कापायचेच होते तर घडवताना एवढी मेहनत कशाला घेतली?

त्याच सकाळी सोनईहून दोघीजणी आल्या. एक झुंबरबाई, पन्नाशीची शेतकरी बाई. दुसरी तिची मुलगी ज्ञानेश्वरी, कॉलेजात जाणारी.

"चाचा, ही तिजोरी इकायची हाय का?" झुंबरबाईने विचारले.

"विकायची तर हाय. पण ताई, एवढी मोठी तिजोरी कशाला? सोनं लई हाय का घरात?"

"सोनं न्हाई, कागद हाय एक."

मग तिने सगळे सांगितले. तिच्या नवऱ्याने आणि थोरल्या दिराने, म्हणजे आसारामने, बारा वर्षांपूर्वी शेताची वाटणी केली होती. स्टँपपेपरवर दोघांच्या सह्या होत्या. पण सातबाऱ्यावर नाव थोरल्याचेच राहिले. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि आसाराम म्हणू लागला, वाटणी झालीच नव्हती. प्रकरण नेवाशाच्या कोर्टात गेले. आणि मागच्या महिन्यात दोघी शेतात असताना कुणीतरी घरातले कपाट फोडले.

"गंठण तसंच ठेवलं, चाचा. कागद तेवढे इस्कटले," झुंबरबाई म्हणाली. "त्या दिवशी आमी तो कागद झेरॉक्सला नेल्ता, म्हणून वाचला. बँकेच्या लॉकरला नंबर लागंना. तवर मी काय करू?"

बाबाजाननी गॅसकटर बाजूला सारला.

झुंबरबाईने मला अशी पारखली, जशी गाय पारखतात. दार चार वेळा उघडले, चार वेळा लावले. तिन्ही दांडे पुरते बाहेर येतात का ते बोटाने चाचपले. पाठीवर थापा मारून आवाज ऐकला. ज्ञानेश्वरीने मोबाईलच्या उजेडात माझ्या तळाचा गंज खरवडून पाहिला. गंज वरवरचा होता. मला तेव्हा फार बरे वाटले. किती वर्षांनी कोणीतरी मी कामाची आहे का, एवढे तरी विचारत होते!

सौदा ठरला तसे बाबाजान म्हणाले, "ताई, एक सांगतो. जुन्या तिजोरीची दुसरी चावी कुणाकडं असंल ते सांगता येत न्हाई. आधी कुलपाचं आतलं बदलून घ्या, मगच त्यात काही ठेवा." हे सांगितल्याने त्यांचा काही फायदा नव्हता. तरी त्यांनी सांगितले.

सोनईला कल्याण चावीवाल्याने अर्धा दिवस खपून माझे कुलूप खोलले. आतल्या पट्ट्या काढल्या, नव्या घातल्या, नवी चावी घडवली. मित्रांनो, ते दुखले. माझ्या पोटातली जन्मापासूनची जागा बदलली होती. मग त्याने मला चार बोल्टांनी जमिनीत घट्ट बसवले, तेल घातले आणि नवी चावी झुंबरबाईच्या हातात दिली.

आसाराम मला बघायला आला. "भंगारात पैसे घालिवले," असे म्हणून हसला. पण हसता हसता त्याने माझ्या कपाळावरची पट्टी नीट वाचली. मला ती नजर आवडली नाही.

कोर्टाची तारीख पाच दिवसांवर होती. दुपारची वेळ, दोघी कांदा काढायला गेलेल्या. मागच्या दाराने आसाराम दोन माणसांना घेऊन आत आला. त्याच्या हातात माझी जुनी दुसरी चावी होती! पट्टीवरच्या नावावरून त्याने माझ्या जुन्या मालकांचे भिंगारचे घर शोधले होते आणि काहीतरी खोटे सांगून ती मिळवली होती.

ती चावी माझ्यात शिरली. तीन पिढ्यांची ओळख होती आमची. ती अर्धी फिरली आणि थांबली. आसारामने जोर लावला. मी तिचे ऐकले नाही. मग त्याने पहार आणवली. माझी मूठ वाकली, एक रिबिट उडाले, दाराचा रंग सोलून निघाला. मी दात आवळून उभी राहिले. घाला किती घाव घालायचे ते!

घणघणाट ऐकून शेजारच्या गोजरबाईने फोन केला. थोड्याच वेळात झुंबरबाई मातीच्या हातांनी धावत आली. ती थेट आसाराम आणि माझ्या मधे उभी राहिली.

"व्हय बाजूला, झुंबर," आसाराम ओरडला. "चावी दे."

"न्हाई देनार."

"बाईमानसानं कोर्टाच्या भानगडीत पडू नये. मी थोरला हाय."

"थोरले हाय म्हनूनच इचारते, भाऊजी. त्या कागदावर सही तुमचीच हाय ना? मग आपल्याच सहीला एवढं का भिताय?"

दारात ज्ञानेश्वरी मोबाईल धरून उभी होती. "तात्या, सगळं शूट होतंय," ती म्हणाली. तिने मोबाईल खाली घेतला नाही. आधी ती दोन माणसे निघून गेली, मग आसाराम. जुनी चावी माझ्या कुलपातच राहिली; ती झुंबरबाईने उलटी फिरवून काढून घेतली.

पाचव्या दिवशी झुंबरबाईने मला नव्या चावीने उघडले आणि कागद पदराखाली घेऊन ती नेवाशाला गेली. संध्याकाळी परतल्यावर तिने गोजरबाईला सांगितले, ते मीही ऐकले. न्यायाधीशांनी कागद आसारामपुढे धरून विचारले, ही सही कुणाची? तो म्हणाला, "माझीच हाय." पुढे वर्षभरात सातबाऱ्यावर झुंबरबाईचे आणि ज्ञानेश्वरीचे नाव लागले.

आता माझ्या पोटात फक्त सातबारा नाही. गोजरबाईचे पासबुक आहे, ते तिच्या दारुड्या मुलापासून लपवलेले. आणि मागच्या आठवड्यात भर दुपारी स्नेहल आली. स्नेहल म्हणजे आसारामची सून. तिच्या हातात डी.एड.चे प्रमाणपत्र आणि माहेरचे चार दागिने होते.

"काकू, हे माझं हाय," ती एवढेच म्हणाली. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

झुंबरबाईने तिला माझा वरचा कप्पा रिकामा करून दिला.

मित्रांनो, माझ्यासारखे कुणी दिसले तर टाकून देण्याआधी एकदा पाठीवर थाप मारून ऐका. घरी आणलेत तर कुलूप बदला, वर्षातून दोनदा तेल घाला, गंज चढू देऊ नका. माझी मूठ अजून वाकडीच आहे. कल्याण ती सरळ करायला आला होता, पण मी झुंबरबाईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे तशीच. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू दे."

स्नेहलच्या वस्तू मागायला तिच्या घरचे कधीतरी येतीलच. येऊ देत. स्नेहल स्वतः हो म्हणेपर्यंत मी उघडणार नाही.